तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत?

ऑक्टोबर २०२२ मधली एक दुपार. जेवून नुकताच जागेवर येऊन बसलो होतो, तेवढ्यात सपोर्टवाल्यांनी एक फोन माझ्याकडे वळवला. पलीकडे एका रुग्णालयाचे सिस्टीम ॲडमिन होते. आवाजावरून माझ्या वडिलांच्या वयाचे वाटत होते, पण मला ‘सर’ म्हणत होते. मीही त्यांना ‘सर’च म्हणत होतो. आपल्याकडे ऑफिसच्या फोनवर सगळेच सर असतात.

“सर, नवीन सर्व्हर आलाय. त्यावर उबुंटू बावीस-शून्य-चार टाकलंय. तुमचं पॅकेज बसत नाहीये. लिबएसएसएल एक पॉइंट एक मागतंय, आणि ते मिळत नाही म्हणतंय.”

मला कारण लगेच कळलं. उबुंटूच्या एप्रिल २०२२ च्या आवृत्तीत ओपनएसएसएल ही लायब्ररी बदलून तिसरी पिढी आली होती. आमचं सॉफ्टवेअर आधीच्या पिढीवर, १.१ वर, बांधलेलं होतं. नव्या घरात ती जुनी लायब्ररी नव्हतीच. योग्य उपाय होता: आमचं सॉफ्टवेअर नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधायचं, तपासायचं, नवं पॅकेज द्यायचं. दोन दिवसांचं काम. सोपा उपायही होता: जुन्या उबुंटूच्या भांडारातून ती लायब्ररी उतरवून घ्यायची आणि हाताने बसवायची. दोन मिनिटांचं काम.

“सर, काळजी करू नका,” मी म्हणालो. “एक फाइल पाठवतो, ती आधी टाका. मग आपलं पॅकेज बसेल. तात्पुरतं आहे हे, पुढच्या रिलीजमध्ये आम्ही नीट करू.”

वीस मिनिटांत तिकीट बंद झालं. संध्याकाळी टीमच्या ग्रुपवर माझ्या नावापुढे तीन अंगठे आले. मी खूश होतो.

हा लेख त्या वीस मिनिटांबद्दल आहे.

* * *

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुम्ही फोनवर एखादं ॲप टाकता तेव्हा ते स्वतःला लागणारं बरंचसं सामान बरोबर घेऊन येतं. डबा घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं. यजमानाच्या स्वयंपाकघरात काय आहे, काय नाही, याची त्याला फारशी फिकीर नसते.

लिनक्सच्या सर्व्हरवरची जुनी रीत वेगळी आहे. तिथे सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये बांधून देतात. डेबियन आणि उबुंटूसाठी ‘डेब’, रेड हॅटच्या घराण्यासाठी ‘आरपीएम’. या पद्धती नव्वदच्या दशकातल्या आहेत, म्हणजे माझ्याहून थोड्या मोठ्या. इथला पाहुणा डबा आणत नाही. तो दारात उभा राहून यादी देतो: मला हे लागेल, ते लागेल, अमुक गोष्ट असली तर बरं, आणि तमुक घरात असेल तर मी येणार नाही. यजमान यादी वाचतो. जे घरात आहे ते दाखवतो, नसेल ते भांडारातून आणतो. आणि एखादी गोष्ट मिळतच नसेल तर पाहुण्याला दारातूनच परत पाठवतो.

ही यादी एका छोट्या फाइलमध्ये असते. तिला कंट्रोल फाइल म्हणतात. त्यातली ‘डिपेंड्स’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. कोणती लायब्ररी, आणि तिची कोणती आवृत्ती. आणखी एक ओळ असते, ‘मेंटेनर’. या पॅकेजची काळजी कोण घेतं, त्या माणसाचं नाव आणि ईमेल. ही ओळ ऐच्छिक नाही, द्यावीच लागते. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांना एवढं नक्की ठाऊक होतं की पुडीवर बांधणाऱ्याचं नाव असावं.

डबा का नाही? कारण सामायिक लायब्ररीचा एक मोठा फायदा असतो. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची चूक उघड झाली. याच ओपनएसएसएलमधली. तिच्यामुळे लांबून कोणीही सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे वाचू शकत होता. पासवर्ड, खासगी किल्ल्या, काहीही. ज्या मशीनवर सगळी सॉफ्टवेअरं एकच सामायिक लायब्ररी वापरत होती, तिथल्या ॲडमिनने एक पॅकेज अपडेट केलं, सेवा पुन्हा सुरू केल्या, की भोक बुजलं. मग किल्ल्या बदलायचं काम उरलं. पण जिथे कोणी स्वतःच्या डब्यात त्या लायब्ररीची प्रत घालून आणली होती, तिथे ॲडमिनला ती दिसलीच नसती. प्रत्येक डबा उघडून बघावा लागला असता.

* * *

आता त्या ओळीतल्या चिन्हांकडे बघा. लायब्ररीच्या नावापुढे आवृत्ती लिहिताना तुम्ही ‘=’ लिहू शकता. म्हणजे नेमकी हीच आवृत्ती, दुसरी कुठलीही नको. हे सुरक्षित वाटतं, पण यात एक हट्ट आहे. यजमानाने त्या लायब्ररीतली चूक दुरुस्त करून नवी आणली, तरी तुमचा पाहुणा जुनीच मागत बसतो. एकतर दुरुस्ती अडते, नाहीतर पाहुणा घराबाहेर जातो.

किंवा तुम्ही ‘>=’ लिहू शकता. ही आवृत्ती किंवा तिच्या पुढची कुठलीही. हे उदार वाटतं. पण थांबून विचार केला तर ते भविष्याबद्दलचं विधान आहे. जी आवृत्ती अजून कोणी लिहिलेलीच नाही, तिच्यावरही माझं सॉफ्टवेअर चालेल असं मी सांगतोय. कशाच्या जोरावर?

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कंट्रोल फाइलमध्ये चौदा लायब्ररी होत्या आणि त्यातल्या बहुतेकांपुढे ‘>=’ होतं. का, म्हणून विचारलं तर सीनियर म्हणाला, “तसंच असतं ते.” मीही पुढे तसंच लिहीत गेलो. मला माहीत होतं म्हणून नव्हे. तसंच असतं म्हणून.

लिबएसएसएलच्या बाबतीत मात्र डेबियन आणि उबुंटूची रीत आम्हाला खोटं बोलू देत नव्हती. लायब्ररीची आतली रचना जुन्याशी न जुळण्याइतकी बदलली की तिथे पॅकेजचं नावच बदलतात. लिबएसएसएल १.१ चं झालं लिबएसएसएल ३. त्यामुळे ‘पुढची कुठलीही चालेल’ अशी थाप तिथे मारता येत नाही, कारण पुढची लायब्ररी वेगळ्या नावाने येते. त्या ऑक्टोबरच्या दुपारी सर्व्हरने जो नकार दिला तो बिघाड नव्हता. मशीन खरं बोलत होतं. तुम्ही जे मागताय ते माझ्याकडे नाही, आणि ते सांभाळायचं मी कबूल केलेलं नाही, असं ते सांगत होतं.

मी त्या नकाराला बाजूला सारायची युक्ती सांगितली.

* * *

जुलै २०२४ मध्ये त्याच ॲडमिनचा पुन्हा फोन आला. आवाज मी ओळखला नाही, त्यांनीच ओळख दिली.

रुग्णालयात सुरक्षेचं ऑडिट झालं होतं. बाहेरून आलेल्या मुलांनी सगळ्या सर्व्हरवरच्या पॅकेजची यादी काढली. त्यात लाल रंगात एक ओळ आली: लिबएसएसएल १.१. ओपनएसएसएलच्या लोकांनी त्या पिढीची मोफत देखभाल ११ सप्टेंबर २०२३ ला थांबवली होती. पण आमच्या बाबतीत गोष्ट त्याहून वाईट होती. उबुंटू २२.०४ च्या भांडारात ती लायब्ररी मुळातच नव्हती. त्यामुळे मी ती हाताने टाकायला सांगितली त्या दिवसापासून तिला एकही दुरुस्ती मिळाली नव्हती. ॲडमिन दर आठवड्याला इमानदारीत अपडेट चालवत होते. मशीन दर आठवड्याला सांगत होतं, सगळं ताजं आहे. भांडारातून आलेलं सगळं ताजं होतंच. मी आणून ठेवलेली वस्तू कोणाच्याच हिशोबात नव्हती.

मीटिंगमध्ये त्यांना विचारलं गेलं, हे कोणी टाकलं? ते म्हणाले, मी टाकलं. कमांड त्यांनी टाइप केली होती, त्यामुळे तसं ते खरंच होतं. नंतर त्यांनी आमच्या पॅकेजमधल्या ‘मेंटेनर’च्या पत्त्यावर मेल टाकला. तो परत आला. तो पत्ता ज्याचा होता तो मुलगा दीड वर्षापूर्वी कंपनी सोडून बेंगळुरूला गेला होता. त्याचं नाव काढून दुसरं घालावं असं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. म्हणून मग त्यांनी फोन केला.

ते एक वही ठेवतात. साधी, दोनशे पानी. सर्व्हरला हात लावला की तारीख आणि काय केलं ते लिहायचं. त्यांनी मला ती नोंद वाचून दाखवली. तारीख, वेळ, फाइलचं नाव, माझं नाव, आणि पुढे एक शब्द: तात्पुरतं.

मी ओशाळून काहीतरी बोलायला लागलो, तर ते म्हणाले, “नाही सर, चूक माझीच. तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत, ते विचारून लिहायचं राहिलं माझं.”

* * *

ऑफिसमध्ये सांगितलं तेव्हा शेजारच्या मित्राने विचारलं, “पण झालं काही? डेटा गेला? नाही ना? मग?”

खरंच काही झालं नव्हतं. ऑडिटवाल्यांना घुसखोरीच्या खुणा सापडल्या नाहीत. सर्व्हर रुग्णालयाच्या आतल्या नेटवर्कवर होता, बाहेरून सहज दिसणारा नव्हता. पेशंटच्या नोंदी जागेवर होत्या. मग मी नेमकं काय चुकीचं केलं?

इंजिनीअरिंगला आम्हाला एथिक्सचा एक पेपर होता. आदल्या रात्री नोट्स वाचून मी तो चांगल्या मार्कांनी पास झालो आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. या प्रकरणानंतर मी स्वतःहून थोडं वाचायला घेतलं. त्यात विल्यम क्लिफर्ड भेटला. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीच गेला. १८७७ मध्ये त्याने ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ नावाचा निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं झालंय, अनेकदा दुरुस्त केलंय. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यातून जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते, तपासून घ्यावं का? खर्च होईल, उशीर होईल. मग तो मनाची समजूत घालतो. इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल. हळूहळू त्याला मनापासून खात्री वाटायला लागते. जहाज बुडतं. माणसं मरतात. मालक विम्याचे पैसे घेतो.

तो दोषी आहे, यावर वाद नाही. क्लिफर्डचं खरं म्हणणं पुढे आहे. समजा, जहाज सुखरूप पोहोचलं असतं. तर? त्याचं उत्तर: दोष तेवढाच. जरासुद्धा कमी नाही. कारण प्रश्न त्याचा विश्वास खरा ठरला की खोटा हा नाहीच. हातात जे होतं त्यावरून तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकार होता का, हा आहे. गंमत म्हणजे क्लिफर्ड स्वतः जहाजाच्या अपघातातून वाचलेला माणूस होता. १८७० चं सूर्यग्रहण बघायला निघालेल्या मोहिमेत त्याचं जहाज सिसिलीजवळ फुटलं होतं.

मी हे मोबाइलवर, लोकलमध्ये उभं राहून वाचलं आणि मला माझी कंट्रोल फाइल दिसायला लागली. ‘डिपेंड्स’ची प्रत्येक ओळ हा एक विश्वास आहे, आणि तो मी माझ्यापुरता ठेवत नाही. मी तो बांधून, सही करून, अनोळखी माणसाच्या हातात देतो. तो त्यावर आपलं काम आणि आपली नोकरी ठेवतो.

याच्या विरुद्ध बाजूही मी वाचली. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं होतं. थोडक्यात सांगायचं तर, पुरेसा पुरावा मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी होणारच नाहीत. कधीकधी आधी विश्वास टाकावा लागतो. हे मला पटतं. उद्याच्या प्रत्येक आवृत्तीवर आज तपासणी शक्य नाही. ‘>=’ मध्ये थोडी आशा असतेच, आणि ती नसेल तर जगातलं एकही सॉफ्टवेअर बाहेर पडणार नाही. पण जेम्सची सवलत अशा प्रश्नांसाठी आहे जे बुद्धीने, पुराव्याने सोडवता येत नाहीत आणि तरी निर्णय टाळता येत नाही. माझा प्रश्न तसला नव्हता. दोन दिवसांत सुटणारा होता. मी ते दोन दिवस दिले नाहीत, आणि त्याऐवजी एक शब्द दिला.

मित्राच्या ‘झालं काही?’लाही तत्त्वज्ञानात नाव आहे, नैतिक नशीब. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये यावर लिहिलं. दोन माणसं दारू पिऊन सारखीच बेफिकीर गाडी चालवतात. एकाच्या समोर कोणी येत नाही, दुसऱ्याच्या समोर माणूस येतो. आपण दुसऱ्याला जास्त दोष देतो, पण फरक फक्त नशिबाचा असतो. मी पहिला ड्रायव्हर होतो. माझ्या रस्त्यात कोणी आलं नाही, यात माझं कर्तृत्व शून्य.

* * *

आणि एका माणसाची आठवण इथे काढावीशी वाटते. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे तो दुसरा फोन यायच्या चार महिने आधी, आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसवर काम करणारा प्रोग्रॅमर डेबियनवर काही मोजमापं करत होता. त्याच्या लक्षात आलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. कोणीही ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिलं असतं. त्याने खणायला सुरुवात केली आणि एक्सझी नावाच्या छोट्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेलं मागचं दार त्याला सापडलं. ज्याने ते पेरलं त्याने दोनेक वर्षं खपून त्या प्रकल्पात विश्वास मिळवला होता. ती लायब्ररी अनेक वर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकलेला होता, आणि त्याने तसं सांगितलंही होतं.

‘डिपेंड्स’च्या ओळीत लायब्ररीचं नाव येतं. त्यामागच्या थकलेल्या माणसाचं येत नाही. पण मला जास्त लागली ती फ्रॉइंडची गोष्ट. त्याच्यासमोर होता अर्ध्या सेकंदाचा संशय. माझ्यासमोर होता स्पष्ट शब्दांतला नकार. त्याने संशयाचा मान राखला. मी नकाराचाही राखला नाही.

* * *

पुढे काय करायचं यावर आमच्याकडे जी चर्चा झाली, ती खरी परीक्षा होती.

पहिला प्रस्ताव होता, आता सगळं कंटेनरमध्ये टाकूया. डॉकर २०१३ मध्ये आलं आणि आमच्या पिढीने डबा पद्धत सर्व्हरवरही आणली. लायब्ररी, सेटिंग, सगळं एकाच डब्यात बंद. यजमानाचं घर कुठलंही असो, पाहुणा आपलं आपण जेवतो. मी रोज कंटेनर वापरतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या मीटिंगमध्ये मला प्रश्न पडला: २०२२ मध्ये आम्ही कंटेनर देत असतो तर काय झालं असतं? सर्व्हरने नकार दिला नसता. ॲडमिनचा फोन आला नसता. जुनी लायब्ररी डब्याच्या आत निवांत शिळी होत राहिली असती, आणि त्यांच्या नेहमीच्या अपडेटला तिचा पत्ताही लागला नसता. आमचा दोष तेवढाच राहिला असता, फक्त दिसला नसता. डबा द्यायचा तर आतली भाजी रोज ताजी करायची जबाबदारी पूर्ण आमची. ती घेणार असू तर डबा उत्तम. ती टाळण्यासाठी डबा देणार असू, तर तो डबा नव्हे, झाकण आहे.

दुसरा मुद्दा निघाला तो मलाच नको होता. आम्ही जुनी तिकिटं शोधली. माझा तो दोन मिनिटांचा उपाय कोणीतरी कॉपी करून सपोर्टच्या तयार उत्तरांमध्ये ठेवला होता. एकूण सतरा ठिकाणी तो गेला होता.

आमच्या मॅनेजर मॅडम चांगल्या आहेत, हे आधी सांगतो. त्या म्हणाल्या, “नवं पॅकेज लिबएसएसएल ३ वर बांधून द्या. जुनं आपोआप जाईल. कोणी विचारलं तर सांगू, नाही विचारलं तर मुद्दाम कशाला घाबरवायचं?”

इथे तंत्राने माझी बाजू घेतली. जुनं आपोआप जाणार नव्हतं. पॅकेज मॅनेजर स्वतःहून आणलेल्या वस्तू गरज संपल्यावर काढायला सुचवतो. पण माणसाने हाताने आणून ठेवलेली वस्तू तो मुद्दाम ठेवलेली आहे असं धरतो आणि तिला हात लावत नाही. म्हणजे आम्ही गुपचूप नवं पॅकेज दिलं तरी ती लायब्ररी सतराच्या सतरा मशीनवर तशीच पडून राहिली असती.

मग एक जण म्हणाला, नव्या पॅकेजमध्ये ‘कॉन्फ्लिक्ट्स’ लिहू. म्हणजे आपला पाहुणा दारात सांगेल, ती जुनी वस्तू घरात असेल तर मी येणार नाही, आणि मशीन ती काढून टाकेल. हुशारीचा उपाय होता. पण त्या मशीनवर आणखी कोणाचं सॉफ्टवेअर त्याच लायब्ररीवर उभं असेल तर? तेही तिच्याबरोबर जाईल. एकदा न सांगता दुसऱ्याच्या घरात वस्तू ठेवली. आता न विचारता त्याच्या घरातली वस्तू फेकायची? या पद्धती घडवणाऱ्यांना हे नीट कळलेलं होतं. डेबियनमध्ये ॲडमिनने स्वतः बदललेली सेटिंगची फाइल नवं पॅकेज परस्पर पुसत नाही. ते विचारतं: तुमची ठेवू की माझी टाकू? काहीच न सांगता एंटर दाबलं तर तुमचीच राहते. आपण कितीही शहाणे असलो तरी घर त्याचं आहे.

त्यामुळे एकच रस्ता उरला. सतरा फोन.

मॅडमनी लेखी पत्राला नाही म्हटलं, फोनला हो म्हटलं. मी त्यावर समाधान मानलं. ते बरोबर होतं का, याची मला अजून खात्री नाही. चेंजलॉगमध्ये, म्हणजे पॅकेजबरोबर जाणाऱ्या बदलांच्या नोंदीत, मला सगळं लिहायचं होतं. शेवटी दोन ओळींवर तडजोड झाली: लिबएसएसएल १.१ हाताने टाकण्याचा आमचा पूर्वीचा सल्ला चुकीचा होता. ती तुमच्या मशीनवर असेल आणि दुसरं कोणी वापरत नसेल, तर काढून टाका. चेंजलॉगच्या प्रत्येक नोंदीखाली करणाऱ्याचं नाव आणि तारीख येते. तिथे माझं आहे. ‘मेंटेनर’च्या ओळीत आता टीमचा पत्ता आहे. त्यावर येणारा मेल कोण वाचणार, याची आठवड्याची पाळी लावली आहे. आणि जिथे पॅकेज चालेल असं आम्ही म्हणतो, त्या प्रत्येक आवृत्तीच्या कोऱ्या मशीनवर ते रोज रात्री बसवून बघितलं जातं. सगळ्या ‘>=’ अजूनही तपासून झालेल्या नाहीत. चौदापैकी नऊ झाल्यात.

* * *

सतरा फोनपैकी बहुतेक अगदी साधे झाले. “बरं, काढून टाकतो.” दोघांना मी कशाबद्दल बोलतोय तेच आठवेना. एका ठिकाणी तो सर्व्हरच बंद करून टाकला होता. एक गृहस्थ भडकले. “दोन वर्षांनी सांगताय?” म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ‘हो’ म्हणालो.

खरं सांगायचं तर फोन करताना मला हलकं वाटेल अशी अपेक्षा होती. तसं फारसं झालं नाही. माफी मागून मोकळं व्हायचं हाही एक प्रकारे तिकीट बंद करायचाच सोस असतो. काम त्यानंतर सुरू होतं.

रुग्णालयाच्या त्या ॲडमिनना मी सगळ्यात शेवटी फोन केला. मीटिंगमध्ये त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, हे मला विचारायचं होतं. वही त्यांच्याकडे होती. तारीख होती, माझं नाव होतं. मी विचारलं. ते हसले. म्हणाले, “वही मी भांडायला नाही ठेवत सर. नंतर मलाच कळावं म्हणून ठेवतो.”

मग त्यांनी नवं पॅकेज बसवलं, जुनी लायब्ररी काढली, आणि फोन चालू ठेवूनच वही उघडली. पानांचा आवाज आला.

“लिबएसएसएल तीन,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “हे कधीपर्यंत?”

या वेळी मला उत्तर माहीत होतं. उबुंटू २२.०४ ची नेहमीची देखभाल २०२७ पर्यंत आहे. त्याच्या आत पुढची आवृत्ती आली पाहिजे, आणि ती येईल तेव्हा आमचं पॅकेज तिच्यावर तपासलेलं असलं पाहिजे. मी तसं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मला परत वाचून दाखवलं.

फोन ठेवल्यावर मीही एक वही काढली.